साकवावरून जाणारी गाडी

दोन्ही गाड्यांची किंमत सारखीच होती. बेचाळीस हजार. कराडच्या शोरूममधली कोरी स्प्लेंडर सगळं धरून बेचाळीसच्या घरात पडत होती, आणि उंब्रजच्या मामाची १९९२ची पांढरी मारुतीही बेचाळीसलाच मिळत होती. मामानं आधी पन्नास सांगितले होते. मग भाचीकडून किती घ्यायचे म्हणून आपणच आठ उतरवले आणि वर टेपही गाडीतच ठेवतो म्हणाला. २००६च्या श्रावणातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. दसऱ्याला गाडी घ्यायची हे ठरलेलं होतं, आणि कोणती घ्यायची यावाचून घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता.

तीन वर्षं मी शिक्षणसेवक होते. महिना तीन हजार मानधन. त्या वर्षी कायम झाले, आणि पहिला पुरता पगार जमा झाला तेव्हा पासबुकात छापून आलेला आकडा बँकेतल्या बाकावर बसून तीनदा वाचला. शाळा मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीत, चौथीपर्यंतची, दोनशिक्षकी. कराडहून मल्हारपेठ, तिथून पाटण, पाटणहून मोरगिरीच्या अंगाला आत. जायला पंचेचाळीस किलोमीटर, यायला तेवढेच. पाटणपर्यंत एसटी, पुढं वडाप. सातारा-सांगलीकडं वडाप म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा माणसं, टपावर कोंबड्यांची डालगी, आणि ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर बसून एका हातानं स्टिअरिंग सांभाळतोय. मांडीवर कुणाचं तरी लेकरू, बरगडीत कुणाचं तरी कोपर. त्या माणसांनी मला कधी परकं वागवलं नाही. 'बाई यायच्यात' म्हणून जीप थांबवून धरणारेही होते. पण संध्याकाळचं शेवटचं वडाप चुकलं की वाडीच्या फाट्यावर वडाखाली उभं राहायचं, आणि अंधार पडत जाताना येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडं बघायचं. तिसऱ्या वर्षी त्या वडाच्या पारंब्याही मला ओळखीच्या झाल्या होत्या.

आईचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. मारुती. डोक्यावर छप्पर, चारी बाजूंनी काचा, आणि पाटणचा पाऊस तर सगळ्यांना माहीत. त्यातून मोटारसायकलवर मुलगी. पुण्यात लुना, कायनेटिक, स्कूटी चालवणाऱ्या बायका तिनं बघितल्या होत्या, त्यांचं तिला काही वाटत नव्हतं. पण टाकीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची, किक मारायची, गिअर टाकायची गाडी आमच्या आळीत तोवर एकाही बाईनं चालवली नव्हती.

मामाच्या मारुतीला आमच्या घरात मान होता. १९८३च्या डिसेंबरातला एक पेपर मामानं कपाटात घडी घालून ठेवला होता. १४ तारखेला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुतीची किल्ली एका ग्राहकाला मिळाली, त्याची बातमी. मामा तेव्हा कापडाच्या दुकानात गुमास्ता होता. नऊ वर्षांनी स्वतःचं दुकान उभं राहिल्यावर त्यानं ती गाडी दारात आणली. आम्ही भाचवंडं मागच्या सीटवर सहा-सहा जण दाटीवाटीनं बसून पालीच्या खंडोबाला गेलो होतो. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते लहानसं इंजिन सहा पोरं आणि तीन मोठी माणसं घेऊन चढ चढायचं, आणि मामा प्रत्येक चढाला डॅशबोर्डवर थोपटून म्हणायचा, 'चल माझी बाय.'

त्याच गाडीवर मी मोटार शिकले. कराडला कॉलेजात असताना सुट्टीत उंब्रजला जायचे, तेव्हा मामा नदीच्या उतारावर घेऊन जायचा आणि चढावर गाडी उभी करायला लावायचा. हाफ क्लच. डावा पाय इतका सावकाश उचलायचा की इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेटचं नाक किंचित वर उचलतं, बुडाखाली गाडी अंग चोरून उभी राहिल्यासारखी वाटते. नेमकी त्या वेळी हँडब्रेकची कळ दाबून सोडायची. लवकर सोडला तर गाडी मागं, उशिरा सोडला तर बंद. चाकामागं मामा दगड लावून ठेवायचा. ज्या दिवशी त्यानं दगड लावला नाही, त्या दिवशी मी शिकले असं त्यानं धरलं. आजही चढावर थांबले की माझा डावा पाय त्या नदीच्या उतारावर असतो.

मोटारसायकल शिकवली वडिलांनी, आप्पांनी. ते एसटीत ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यातली निम्मी कराड-चिपळूणवर, कुंभार्ली घाटातून. १९८९ साली सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी हिरो होंडाची सीडी १०० घेतली. तोवर कराडच्या रस्त्यांवर राजदूत, येझदी आणि बुलेट यांचा आवाज. ही गाडी इतकी कमी बोलायची की आप्पा आले हे आईला फाटकाच्या कडीवरून कळायचं. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची त्या गाडीची जाहिरात तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. आप्पा मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते. दर रविवारी चेनला ऑइल, महिन्याला प्लग काढून त्याची काजळी पुसायची, आणि टाकीचा कॉक रिझर्व्हला गेला की त्या दिवशीचे किलोमीटर वहीत लिहायचे. मी बारावीला असताना त्यांनी मला स्टेडियमच्या मैदानावर पहिल्यांदा पुढं बसवलं. चारही गिअर पुढं दाबून पडतात, टाचेनं मागं येतात, न्यूट्रलला हिरवा दिवा. एवढंच सांगितलं आणि मागं बसले. मग उरलेलं सगळं खांद्यावरच्या हातानं. डावा खांदा दाबला की डावीकडं, दोन्ही दाबले की हळू, आणि हात उचलला की आता तू आणि गाडी.

घरात वाद चालू असताना आप्पा काही बोलले नाहीत. एका रविवारी पाऊस उघडला तसे मला म्हणाले, 'चल, तुझ्या शाळेचा रस्ता बघून येऊ.' मी पुढं, ते मागं. मल्हारपेठ सोडल्यावर एका वळणाच्या अलीकडं त्यांनी दोन्ही खांदे दाबले. गाडी साइडपट्टीला लावली. आप्पा उकिडवे बसले आणि रस्त्यावर तळवा ठेवला, ताप बघावा तसा.

'हात लाव हितं.'

मी लावला. डांबर काचेसारखं गुळगुळीत होतं.

'डांबर वर आलंय. वल्लं झालं की हितं बिरेक लावायचा न्हाई. आन् ही खडी बघ. मोठ्या गाड्या वळण कापत्यात, त्यांची चाकं पट्टीवरनं खाली जात्यात आन् वर येताना खडी वडून आणत्यात. ही रोज हितं असणार. तुला ती रोज दिसली पायजे.'

त्या दिवशी आम्ही असे अकरा-बारा ठिकाणी थांबलो. गावाच्या तोंडाला शेणकाला, म्हशी सुटायची वेळ सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच. पुलाच्या सांध्यावर वर आलेली लोखंडी पट्टी, ती तिरकी ओलांडायची नाही, सरळ ओलांडायची. जूनमधला पहिला पाऊस. वर्षभर सांडलेलं ऑइल आणि धूळ त्या पाण्याबरोबर वर येते, तेव्हा पहिला तासभर थांबून चहा प्यायचा. मुसळधार पावसापेक्षा ती पहिली भुरभुर वाईट. इतकी वर्षं ज्या रस्त्यावरून ते उंचावरच्या सीटवर बसून गेले, तो त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिला असेल? मी विचारलं. म्हणाले, 'वरनं दिसत न्हाई. पर वरनं मी पडलेली पोरं लई बघितल्यात.'

तेवढंच. पुढं त्यावर एक शब्द नाही.

शाळेच्या अलीकडं एक ओढा आहे. त्यावर फरशी, पावसाळ्यात सहा-सात वेळा तरी पाणी फरशीवरून वाहायचं, आणि मग माणसं पन्नास पावलं वरच्या साकवावरून ये-जा करायची. साकव तीन फुटी. आप्पांनी गाडी बंद करून साकवावर ढकलत नेली. हँडल दोन्ही कठड्यांच्या मधून चार-चार बोटं राखून गेलं. पलीकडं पोचल्यावर त्यांनी मागं वळून साकवाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मामाची मारुती पावणेपाच फूट रुंद. पाणी आलं की ती ओढ्याच्या अलीकडंच राहणार होती.

घरी आल्यावर मी साकवाचं कारण सांगितलं. ते खरं होतं आणि आईनं ते मानलं, कारण मोजमाप होतं. पण मनात आणखी एक कारण होतं, जे त्या वेळी मला कुणापुढं मांडता आलं नसतं. घरात आम्ही सहा माणसं. वडापमध्ये सोळा. शाळेत एका खोलीत दोन-दोन वर्ग. आणि मारुतीचं नुसतं बोलणं निघालं तशी आई म्हणाली होती, 'गाडी झाली की आधी औंधला यमाईला जाऊन येऊ. मग मावशीला आणू. मग...' गाडी अजून मामाच्या दारात होती आणि तिच्या चारी सीटांवर घर बसलंसुद्धा होतं. आईचं काही चुकत नव्हतं. मोटार घरात येते ती घराची होऊनच येते. पावसात भिजत स्कूटरवरून चाललेलं नवरा-बायको आणि दोन मुलांचं कुटुंब पाहून रतन टाटांना लाखाची गाडी सुचली आणि २००८ साली त्यांनी नॅनो लोकांपुढं आणली, ती याच सीटांच्या आशेवर. मला ते चित्र तेव्हाही खरं वाटलं, आजही वाटतं. पण सव्वीसाव्या वर्षी मला चार सीटा नको होत्या. मला दिवसातले दोन तास हवे होते, ज्यांत कुणी काही विचारत नाही.

दसऱ्याला स्प्लेंडर आली. एमएच ११ पासिंग. हँडलला झेंडू, चाकाखाली लिंबू, टाकीवर आईनं काढलेलं हळदी-कुंकवाचं स्वस्तिक. ते तिनं रागानं काढलं होतं तरी रेषा वाकडी गेली नव्हती. आप्पांनी दोन अटी घातल्या. दळणाला जायचं असलं तरी हेल्मेट. आणि उसाचा सीझन चालू असताना दिवेलागणीनंतर रस्त्यावर राहायचं नाही.

पुढची नऊ वर्षं मी त्या गाडीवर शाळेत गेले. हिशेब केला तर दीड लाख किलोमीटरच्या पुढं जातो. त्यातलं काय सांगू? काचेआडून जो रस्ता दिसतो तो चित्र असतो. मोटारसायकलवर तो अंगावर येतो, अंगात शिरतो. मल्हारपेठेच्या अलीकडं रस्ता नदीकडं उतरतो तिथं पौषात हवा एकाएकी गार व्हायची, आणि ते आधी गुडघ्यांना कळायचं, मग बोटांना. नोव्हेंबरात गुऱ्हाळं लागली की दोन वळणं आधी गुळाचा वास यायचा, आणि कारखान्याजवळ मळीचा, आंबूस, जड. भात फुलोऱ्यात आलं की खोऱ्यात शिरताना वासानंच कळायचं की आता पाटण मागं पडलं. एप्रिलमध्ये तरव्याची भाजणी चालायची, तेव्हा साडीला धुराचा वास घेऊन मी वर्गात उभी राहायचे आणि पोरं म्हणायची, 'बाई, आमच्या रानातनं आलाव जणू.' पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. पाहुण्यांना त्या शोभेच्या वाटतात. मी त्यांच्याकडं वाऱ्यासाठी बघायचे. पाती जोरात फिरत असली की पुढं मोरगिरीकडं वळल्यावर मोकळ्या माळाला वारा उजवीकडून येणार आणि गाडी डावीकडं ढकलणार, हे मला पाच किलोमीटर आधी ठाऊक असायचं.

मागची एक सीट. तिच्यावर त्या नऊ वर्षांत कोण कोण बसलं! अंगणवाडीच्या ताई, पोस्टमन, पाटणच्या हायस्कूलला जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुली, कोंबडी पदराखाली झाकून बाजाराला निघालेल्या आजी. मोटारीला हात करताना माणूस बिचकतो; काच खाली होईल की नाही, ठाऊक नसतं. मोटारसायकलला नुसतं 'ओ बाई' म्हटलं की पुरतं. ज्याच्या भीतीनं आई मोटारसायकल नको म्हणत होती, ते माणसांचं मागं वळून बघणंही वर्षभरात संपलं. गाडीच्या आवाजावरून माणसं घड्याळ लावायला लागली. दहावीतल्या दोघी मुली रविवारी माझ्याच गाडीवर आठचा आकडा काढायला शिकल्या. त्यांच्यापैकी एकीनं हँडल सरळ झाल्याबरोबर जो आवाज काढला, तो मी विसरणार नाही.

आता ज्या दिवशी मला मामाची मारुती आठवली, तो दिवस.

२००८चा जुलै. दुसरीतली एक मुलगी वर्गात बसल्या बसल्या वाकडी झाली. अंग तापलेलं, डोळे पांढरे, दातखीळ. आकडी. वाडीत फोनची रेंज नाही, आणि १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात यायला अजून सहा वर्षं होती. वडाप दुपारी कुठलं? आकडी ओसरल्यावर तिच्या आजीनं तिला उचललं. ओढ्याला पाणी होतं. साकवावरून मी गाडी ढकलली, मागून आजी नातीला छातीशी धरून आली. मग तिघी गाडीवर. मी, मध्ये ती, मागं आजी. आजीनं दोघींभोवती खताचा प्लॅस्टिक कागद ओढून धरला होता. वाऱ्यानं तो फडफडायचा आणि प्रत्येक वेळी माझ्या पाठीवर एक गरम गाल थोडा सरकायचा. अकरा किलोमीटर. पाऊस तिरका, समोरून, डोळे उघडे ठेवता येईनात. वीसच्या पुढं मी गाडी नेली नाही. नेऊ शकत होते. पण एका हातानं कागद आणि एका हातानं नात धरलेली आजी मागं होती, आणि आप्पांचे दोन्ही हात मला खांद्यांवर जाणवत होते.

मारुती असती तर ती ओढ्याच्या अलीकडं उभी असती. आम्ही साकव पायी ओलांडला असता, मागच्या सीटवर पोरीला आडवं निजवलं असतं, काचा वर केल्या असत्या. अर्ध्या वेळात पोचलो असतो. साकवाचं गणित मी स्वतःला जेवढं पक्कं सांगितलं होतं, तेवढं ते पक्कं नव्हतं. अशा दिवसांत एक किलोमीटर चालण्याचाच तर प्रश्न होता. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात, कपड्यांतून पाणी गळत असताना, मला ते स्वच्छ दिसलं. मुलगी बरी झाली. पुढं शिकली, आता दोन लेकरांची आई आहे. पण तो गरम गाल पाठीवर अजून आहे.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. २०१०चा जानेवारी, केंद्रावरची बैठक लांबली, आणि दिवेलागणीनंतर मी निघाले. आप्पांची दुसरी अट मोडून. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा होता. मागं लाल दिवा नाही, चमकती पट्टी नाही. समोरून आलेल्या ट्रकनं डिपर दिला नाही, त्याच्या उजेडात मला ट्रॉली दिसलीच नाही. उजेड सरला तेव्हा उसाचे शेंडे हातभर अंतरावर होते. हँडल डावीकडं घेतलं. साइडपट्टी, खडी, आणि मग आकाश. कॉलरबोन मोडलं. हेल्मेटचं डावं अंग कानापासून हनुवटीपर्यंत किसणीवर घासल्यासारखं झालं होतं. आप्पा दवाखान्यात आले, ते हेल्मेट हातात घेऊन त्यांनी त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, तसाच, जसा रस्त्यावर तळवा ठेवला होता. रागावले नाहीत. ते हेल्मेट मी टाकलं नाही. माळ्यावर आहे.

म्हणून मोटारसायकलच्या प्रेमात असं कुणी लिहायला लागलं, की तिच्यावर मोकळं वाटतं, वारा लागतो, तर मला त्या माणसाला थांबवून एक आकडा सांगावासा वाटतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली शंभरामागं चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. मोटारीत धक्का आधी पत्र्याला लागतो. मोटारसायकलवर पत्रा म्हणजे आपणच. हे ठाऊक असून जो चालवतो, त्यानं चालवावी.

२०१५ साली आम्ही मोटार घेतली. लहानशीच, हप्त्यांवर. घेताना घरात चर्चासुद्धा झाली नाही, वेळ आली होती. आईचे गुडघे गेले होते, आप्पांना धाप लागायची. मोटार ही खोली असते, हे मला तेव्हा कळलं. दार लावता येतं. भिजलेली साडी सारखी करता येते, झोपलेल्या माणसाला झोपू देता येतं, रडायचं असेल तर फाट्यावर गाडी थांबवून काचा वर करून रडता येतं. औंधची यमाई, पाली, मावशी, सगळं झालं. आईनं पुढच्या सीटवर बसून खिडकीची काच स्वतः खालीवर करून पाहिली आणि समाधानानं हात मांडीवर ठेवले. नऊ वर्षं उशिरा, पण तिच्या सीटा तिला मिळाल्या.

आप्पांची शेवटची दोन वर्षं कराडच्या दवाखान्यात ये-जा करण्यात गेली. ते पुढं माझ्या शेजारी बसायचे. बोलणं कमी झालेलं. पण समोर म्हैस आली, वळण आलं, की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. मी माझा ब्रेक लावला की त्यांचा पाय सैल व्हायचा. कधी कधी त्यांचा पाय आधी दाबला जायचा आणि मला तिथं काही दिसायचं नाही. चार सेकंदांनी ते दिसायचं. चिपळूणच्या रस्त्यावर शिकलेला तो पाय शेवटपर्यंत एकदाही चुकला नाही. २०१९च्या मार्चमध्ये ते गेले.

माझ्या भावाची मुलगी आता बावीस वर्षांची आहे. चाकणला एका कारखान्यात लागली, पहिल्या वर्षाचे पैसे साठवले. परवा तिचा फोन आला. 'आत्या, नवी बाइक घेऊ की जुनी कार? दोन्ही तेवढ्यातच बसतंय. बाबा कार म्हणतायत.' माझ्या भावाच्या आवाजात आई बोलतेय, हे मला ऐकू आलं. पोरीच्या खोलीपासून कारखाना नऊ किलोमीटर, सकाळच्या पाळीला चाकण चौकातली गर्दी. महिन्यातून एकदा ती कराडला येणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलला मनाई आहे, समृद्धी महामार्गावरही आहे. पण पुणे-कराड रस्ता तिला उघडा आहे, खंबाटकीसकट, आणि त्यावरच्या ट्रकांसकट.

मी तिला सगळं सांगितलं. गरम गालाचं, उसाच्या ट्रॉलीचं, १,६८,४९१चं. मग माझं मत सांगितलं. बाइक घे. सीटा भरायला माणसं आपोआप येतात, आणि ती आली की मोटारही येते. ती कुणाला चुकत नाही. पण रस्त्यानं स्वतः अंगावर येऊन शिकवायची वर्षं थोडी असतात, आणि बावीस ते तीस हीच ती. लायसनवर मात्र दोन्ही वर्ग घे, शिकाऊ परवाना एकदमच काढ, म्हणजे कुणी आजारी पडलं तर शेजाऱ्याची मोटार काढायला तुला कुणाची वाट बघावी लागणार नाही. गाडी जूनमध्ये घेऊ नकोस. पावसाळा जाऊ दे, दसऱ्याला घे. कराडला यायचं ते एसटीनं ये, पहिलं वर्षभर तरी. आणि पहिले तीन महिने मागच्या सीटवर कुणालाही बसवायचं नाही, मैत्रिणीलासुद्धा नाही.

हेल्मेट मी घेऊन देणार आहे, आयएसआय शिक्क्याचं, तिच्या डोक्याच्या मापाचं. दसऱ्याआधीच्या रविवारी मी चाकणला जाणार. खोलीपासून कारखान्यापर्यंतचे नऊ किलोमीटर आम्ही दोघी आधी पायी चालणार आहोत.